रिकामी देग

(बोरी, १९३६. पटवारी व्यंकटरावांच्या ओट्यावर.)

चतुराबाई: थांबा काका, पुन्यांदा वाचा. कोन न्यायलाय आमची देग?

व्यंकटराव: उर्दूत आहे, मराठीत सांगतो. "मौजे बोरी येथे लिंबाजी यांच्या घरी लढाईतली तांब्याची मोठी देग असल्याचे कळते. ती हुजूरच्या तोषाखान्यात ठेवण्यासाठी गुरुवारी दरोगा येतील. जुना कागद असल्यास दाखवावा." हैदराबादेहून आलंय, शिक्क्यासकट.

चतुराबाई: गुरवारी? त्याच दिशी नर्मदेचं लगीन हाय. मालक मानवतला बस्ता बांधायला गेलेत. पाचशे माणसाचं वरन कशात शिजवू, तांब्यात?

व्यंकटराव: तिथं तलवारी, ढाली, हत्तीच्या झुली असतात. त्यांच्या रांगेत तुमची देग बसणार. मोठा मान आहे.

चतुराबाई: मान घिऊन काय करू? हिच्याबिगर गावात एक लगीन झालं न्हाई. सासरचा माझा पैला घास हिच्यातला. आन माझ्याच लेकीच्या येळंला ती न्यायलेत. लय वाईट वाटायलंय, काका. मनून हा कागद आनला. सासूबाईनं देवाजवळ ठिवलेला. मोडी हाय. देग आमचीच हाय असं असंल त्यात.

व्यंकटराव: बघू. हं, मालकाचे खापरपणजे आश्रुबा, त्यांनी खर्ड्याच्या लढाईवरून घरी लिहिलंय. "लढाई फते झाली. मोगलाची छावणी ओस पडली. कोणी तलवार नेली, कोणी शालजोडी. मी तीन दिवसांचा उपाशी, म्हणून मुदपाकखान्यात शिरलो." बाई, हे मोगल कोण, ठाऊक आहे ना?

चतुराबाई: कोन?

व्यंकटराव: आत्ताच्या हुजूरांचेच वाडवडील. तेव्हा हैदराबादवाल्यांनाच मोगल म्हणत. म्हणजे देग त्यांचीच.

चतुराबाई: द्या तो कागद इकडं. चूल पेटवूनच आलेय मी.

व्यंकटराव: अहो बसा, पुढं ऐका. "आत त्यांचा म्हातारा बावर्ची एकटाच होता. त्याने मला खिचडी वाढली. दोघे पोटभर जेवलो. मग म्हणाला, ही देग मला हलत नाही, तू गाडीत घालून ने. पण कोणी परत मागितली तर रिकामी देऊ नकोस. मी अन्नावर हात ठेवून शब्द दिला. घरच्यांनी पाळावा."

चतुराबाई: खरंच असं लिवलंय?

व्यंकटराव: अक्षर न् अक्षर.

चतुराबाई: मंग लिवा जवाब. देग तुमचीच हाय, आमी न्हाई मनत न्हाई. दरोगासायबानं गुरवारी पैल्या पंगतीला यावं. देग वरनानं भरलेली असंल, खुशाल उचलून न्यावी.

व्यंकटराव: भरलेली? रिकामी हलवायला चार गडी लागतात.

चतुराबाई: मंग जेवून घ्यावं त्यानी. आपली मानसं चांगलं वाढतेत.

व्यंकटराव: आणि वरण संपल्यावर मागितली तर?

चतुराबाई: आश्रुबाचा शब्द हाय, काका. रिकामी कशी द्यायची?