ओळखपत्रावरची मिशी

माझं नवं ओळखपत्र पाहिलंत का? त्यावरच्या फोटोसाठी मी दहिवलीच्या स्टुडिओवाल्याशी चांगली हुज्जत घालून आलेय.

शाळेने सगळ्या शिक्षकांकडून नवे फोटो मागितले, म्हणून गेले. त्याने फोटो काढला आणि कॉम्प्युटरवर बसला. मी पर्स उचलून त्याच्या मागे जाऊन बघते तर माझ्या ओठावरची सगळी लव गायब.

मी विचारलं, "दादा, माझी मिशी कुठे गेली?"

तो खुशीत म्हणाला, "काढली ना ताई. लेडीज कस्टमरची आमी न सांगताच काढतो."

"परत लावा."

त्याला वाटलं मी मस्करी करतेय. "ताई, बाईमाणसाला बरी नाय दिसत ती."

समोरच्या भिंतीवर त्याचाच मोठा फ्रेम केलेला फोटो होता. डोक्याला फेटा आणि मिशीला पीळ. मी म्हटलं, "मग आधी त्या फोटोतली तुमची काढून दाखवा."

त्याचा हात आपोआप मिशीवर गेला. "काय बोलता ताई. मिशी काढली तर बायको तरी ओळखंल का मला?"

"तुमचा फोटो तर नुसता भिंतीवर आहे. माझा ओळखपत्रावर लागणार आहे."

तो कॉम्प्युटरकडे वळला आणि त्याने माझी मिशी मला परत दिली.

हे बघा. आहे ना मीच?