कॉलरचा कागद

...नाही, पण मला सांगा, एक शब्द तरी खोटा लिहिला होता का मी? एकही नाही! तरी मामीचं शिवणकामाचं दुकान ओस पडलं. तुम्हाला सांगतो, तिकडे परक्या देशात चार वर्षं मी हेच शिकलो, की गोष्ट कोण सांगतं त्यावर वाचक कुणासाठी रडणार ते ठरतं. परत आलो आणि वाचनालयात लोकांना हेच शिकवायला लागलो. समाज बदलायचा होता ना मला! नमुना म्हणून घरचीच गोष्ट वाचली. त्यातला 'मी' बारा वर्षांचा, निबंधात पहिला आलेला. प्रशस्तिपत्रक नाचवत घरी येतो, आणि मामी काय करते? ते टेबलावर पसरते, खडूने रेघ मारते आणि कात्री चालवते... थेट माझ्या नावातून, हो! कॉलर बेतायला जाड कागद हवा होता म्हणे.

लोक रडले. मी खूश! दुसऱ्या दिवशी निवृत्त मुख्याध्यापिका आपला अर्धवट ब्लाउज परत घेऊन गेल्या. मग दवाखान्यातली नर्स. पोराच्या आनंदावर कात्री चालवणारीच्या हाती कापड कसं द्यायचं, असं ती म्हणे. चार दिवसांत मशीन गप्प. आई गेल्यावर याच मशीनवर मामीने मला वाढवलं, पण ते गोष्टीत कुठून येणार? बारा वर्षांच्या पोराला त्याचं काय!

शेवटी तोंड लपवत मामीकडे गेलो. ती चिडली असती तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाली, "त्या दिवशी मी काय शिवत होते, ते का नाही लिहिलंस?"

मला काय माहीत?

"तुझाच कोट. मोठ्या शाळेच्या मुलाखतीचा. जाड कागद घरात तेवढाच होता."

अहो, मी घातला होता तो कोट! तो घालूनच मुलाखत दिली, त्या शाळेत निवड झाली, म्हणून तर पुढे इतक्या लांब शिकायला गेलो! गोष्ट तीच, कात्री तीच... आणि दृष्टिकोन शिकवणाऱ्या या शहाण्याला पत्ताच नाही!

बसलो, पुन्हा लिहिली, वाचनालयात वाचली. या वेळी 'मी' म्हणजे मामी. गोष्ट तीच, कात्री तीच, पण लोक दुप्पट रडले. दुकानात रांग लागली. मुख्याध्यापिका तोच ब्लाउज घेऊन आल्या आणि जाता जाता मला विचारतात काय, तर लाज कशी नाही वाटली रे तुला?

म्हटलं, मामी तरी खूश होईल. तिने दाताने दोरा तोडला.

"मी एवढी चांगली नव्हते रे. रागही होता. निबंध वाचला होता मी तुझा. 'आमच्या घरात कुणालाच काही कळत नाही' असं लिहून बक्षीस आणलं होतंस."

गोष्ट तीच, कात्री तीच, आणि ही तिसरीच बाजू! म्हटलं, मामी, आता तूच लिही बाई. तर म्हणे, मला वेळ नाही, गिऱ्हाईक वाढलंय; तू बटणं लाव.

लावतोय. येणारी प्रत्येक बाई माझ्यादेखत तिला विचारते, सुधारला का हो हा? आणि मामी, मशीनवरून मान वर न करता, सांगते, "बघू."