गाळलेलं कडवं

(विनिपेगमधल्या युक्रेनी चर्चच्या तळघरातलं स्वयंपाकघर. ओरिसिया, वय बहात्तर, इथल्या गायकवृंदाची प्रमुख. वासिलीना, लढाईमुळे दोन वर्षांपूर्वी गाव सोडून आलेली. दोघी वारेनिकी, म्हणजे बटाटा-चीज भरून पाण्यात उकडायच्या करंज्या, भरताहेत.)

ओरिसिया : कडा नीट दाब गं. पाण्यात फुटून बटाटा बाहेर आला की शुक्रवारची गिऱ्हाइकं मला नावं ठेवतात, तुला नाही.

वासिलीना : दाबते की. पण बाई, कडा शिकवायला नाही थांबवलंत तुम्ही मला.

ओरिसिया : नाही. काल तालमीत तिसऱ्या गाण्याला तोंड मिटून उभी होतीस. मंगळवारीही तेच. बाकीच्या गाण्यांना छप्पर उडेल असा आवाज लावतेस, आणि नेमका याच गाण्याला घसा बसतो?

वासिलीना : घशाला काय धाड भरलीय!

ओरिसिया : मग? शनिवारी लारिसाचं लग्न. नवरीच्या डोक्यावरची फुलांची माळ उतरवताना हेच गाणं म्हणायचंय. तीस वर्षं दर लग्नात म्हणतोय आम्ही. लोक रुमाल काढतात.

वासिलीना : काढतीलच. ते आई गेलेल्या नवरीचं गाणं आहे, बाई. जिची आई बसलीय तिच्यापुढं आमच्याकडं कुणी गुणगुणतसुद्धा नाही.

ओरिसिया : तो चीजचा वाडगा सरकव इकडे.

वासिलीना : घ्या. तुम्हाला नवल नाही वाटलं?

ओरिसिया : वाटलं की.

वासिलीना : नाही वाटलं. तुम्हाला ठाऊक होतं.

ओरिसिया : होतं. ब्याण्णव साली टेप घेऊन तुमच्याच भागात गेले होते मी. पारास्का नावाची म्हातारी होती. म्हटलं, तुझ्याकडचं सगळ्यात सुंदर गाणं दे. ती म्हणाली, आहे, पण ते उगाच म्हणत नाहीत. मी पिच्छाच पुरवला. शेवटी तिने सुनेला अंगणात पाठवलं, दार लावलं, मग म्हटलं.

वासिलीना : सुनेची आई जिवंत असणार.

ओरिसिया : तेच सांगितलं तिने. मी वहीत लिहूनसुद्धा घेतलं.

वासिलीना : आणि शेवटचं कडवं? पोर आईला लग्नाला बोलावते, आई म्हणते माझ्यावर माती फार जड आहे, तुझं तू जा?

ओरिसिया : ते गाळलं मी. ते गाळलं की गाणं कुणाचं आहे हे कळतच नाही. तेव्हा वृंद मोडायला आला होता गं. आम्ही नऊ जण, त्यातले चार बहिरे. या एका गाण्याने माणसं परत आली. म्हटलं, इथे कॅनडात कोण विचारतंय.

वासिलीना : तीस वर्षं कुणी विचारलं नाही?

ओरिसिया : कुणी नाही. पहिल्यांदा म्हटलं ते मार्ताच्या लग्नात. लारिसाच्या आईच्या. मार्ताची आई पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. दहा महिन्यांत गेली बिचारी.

वासिलीना : गाण्यानं कुणी मरत नाही, बाई.

ओरिसिया : कळतं गं मलाही. तरी दर लग्नात नवरीच्या आईकडे बघायची माझी हिंमत होत नाही. लाज वाटते. आणि आता मार्ताच अंथरुणाला खिळलीय. शनिवारी ते गाणं रद्द. सांगू, वासिलीनाचा घसा बसलाय.

वासिलीना : वा! माझ्या घशावर ढकला!

ओरिसिया : भित्री आहे मी. झालं समाधान?

वासिलीना : रद्द नाही होणार ते. मार्ताताईंचा निरोप आहे. आठ दिवस झाले, कसा सांगू म्हणून गप्प आहे मी.

ओरिसिया : कसला निरोप?

वासिलीना : दुपारची मी त्यांच्याकडं कामाला असते ना. अंग पुसते, सूप भरवते. एकदा म्हणाल्या, लारिसाच्या लग्नातलं गाणं म्हण. त्यांना आई नाही, त्यांच्यापुढं म्हणायला हरकत नव्हती. म्हटलं, कडव्यासकट. मग गाणं कुणासाठी असतं तेही सांगावं लागलं.

ओरिसिया : अरे देवा! काय म्हणाली?

वासिलीना : पुष्कळ रडल्या. मग म्हणाल्या, ओरिसियाला सांग, शनिवारी सगळं गाणं म्हणा. लारिसाला पुढं ते लागणारच आहे, माझ्यादेखत म्हणा.

ओरिसिया : माझ्याच्याने नाही होणार.

वासिलीना : आणखी एक विचारलं त्यांनी. माझ्या लग्नात म्हटलं तेव्हा ओरिसियाला हे ठाऊक होतं का?

ओरिसिया : तू काय सांगितलंस?

वासिलीना : छे, म्हटलं. बाई असं करायच्या नाहीत.

ओरिसिया : मग असू दे ना तसंच. तिचे दिवस ते किती उरलेत, वासिलीना. एवढं असू दे.

वासिलीना : तेव्हा मला माहीत नव्हतं. आता परत विचारलं तर मला खोटं बोलावं लागेल. ते मी नाही करणार.

ओरिसिया : ...जागी कधी असते ती?

वासिलीना : चारपर्यंत. तुम्ही निघा, हे मी उरकते.

ओरिसिया : जाऊन सांगेन. पण शनिवारचं काय? इतक्या वर्षांत तोंडी नाही आलं ते कडवं. मला आता धड आठवतसुद्धा नाही.

वासिलीना : मार्ताताईंना पाठ झालंय. त्या शिकवतील.