नाव नव्याचं, तोंड जुन्याचं

थालूसा: अहो, खरं सांगा, नाण्याच्या ठशावर तोंड कुणाचं कोरलंत?

ट्रोफिमस: हळू बोल, बाई! मेलेल्या सम्राटाचं.

थालूसा: अगं बाई! आणि भोवती नाव नव्याचं?

ट्रोफिमस: मग काय करणार? नव्याला इथं रोममध्ये पाहिलंय कुणी? चेहऱ्याचा नमुना छावणीतून यायचा होता, तो आलाच नाही. शिपायांना मात्र बक्षिसाची चांदी लगेच हवी. टांकसाळीत अशा वेळी जुनाच चेहरा ठेवतात, नाव तेवढं बदलतात. माझ्या उस्तादानंही तेच केलं होतं.

थालूसा: त्यांच्या वेळचा सम्राट अंथरुणात मेला होता! याला तर या नव्या सम्राटानंच मारलंय. दगडादगडावरून नाव खरवडतायत त्याचं. आणि तुम्ही त्याचंच गुबगुबीत तोंड, दाढीसकट, मारणाऱ्याच्या नावानं छापलंत?

ट्रोफिमस: नवा दिसतो कसा गं? काही कळलं?

थालूसा: मासळीवाली म्हणाली, गालफडं बसलेली, दाढी सफाचट.

ट्रोफिमस: मेलो मी. नाणी सकाळीच शहराबाहेरच्या छावणीत गेली. वीबियस मुकादम स्वतः घेऊन गेलेत.

थालूसा: उठा आधी. ओस्तिया बंदरात माझ्या भावाची होडी आहे, निघू या.

ट्रोफिमस: मी पळालो तर नाणी पाडणाऱ्या हातोडेवाल्यांना धरतील. त्यांनी काय केलंय? भीती वाटतेय गं.

थालूसा: मग मला काय मजा वाटतेय? थांबा, कुणीतरी आलं.

(टांकसाळीचा मुकादम वीबियस दार लोटून आत येतो.)

वीबियस: आहेस ना घरात? बस, बस. वहिनी, आधी घोटभर वाइन द्या. पाणी घालू नका.

थालूसा: पाया पडते मुकादम, आधी सांगा. यांना न्यायला आलात?

वीबियस: ऐका तर. शिपायांनी नाणं पाहिलं, मग चौथऱ्यावरच्या सम्राटांना पाहिलं. एक जण ओरडला, ‘अरे, हा तर ज्याला मारला तोच!’ सम्राटांनी नाणं मागवलं. नाण्याच्या मागच्या बाजूला ते एकमेकांत गुंफलेले दोन हात, सैन्याच्या एकीचे. ते पाहिले, पुन्हा तोंड पाहिलं.

ट्रोफिमस: मग?

वीबियस: मग न्हाव्याला म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस.

थालूसा: म्हणजे?

वीबियस: दाढी वाढवतायत! म्हणाले, लोकांना या तोंडाची सवय आहे, मला बघून बिचकतात. तेव्हा ट्रोफिमस, यापुढं हाच चेहरा. काही बदलू नकोस.

थालूसा: देवा रे! वाचलात हो! अहो... आता रडताय कशाला?

ट्रोफिमस: इतकी वर्षं हा चेहरा कोरला गं. त्याचे गाल सुटले, केस विरळ झाले, तसतसा कोरत गेलो. आता त्याच्या मारेकऱ्याचा म्हणून कोरायचा? हात उचलत नाही माझा.

थालूसा: कोरा. त्याची आई अजून आहे. पुतळे सगळे फोडले, लेकाचं तोंड त्या माउलीला दुसरीकडं कुठं दिसणार?