शनिवारचं मोठं माणूस

आजच्या समारंभाचे आणि आपल्या मंडळाचे अध्यक्ष माननीय भय्यासाहेब, सगळी कामं बाजूला ठेवून आलेले आपल्या वॉर्डाचे पार्षद श्री. दिलीपजी, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते सत्कारमूर्ती श्री. अरविंदराव पागेसाहेब, व्यासपीठावर बसायला अजूनही संकोचत असलेल्या त्यांच्या पत्नी जयूवहिनी, समोर बसलेले माधवनगरचे आणि लांबून आलेले बंधू-भगिनी, आणि मागे वायरी घेऊन दाराशी घुटमळणारी आमची मुलं, सगळ्यांना माझा नमस्कार.

मी मॅट्रिक झालेली बाई. भाषण हे काही माझ्या हातचं काम नाही. मंडळाचा जमाखर्च ठेवते एवढंच. पण भय्यासाहेब म्हणाले, "काकू, पैसा कुठे गेला ते दरवर्षी तुम्हीच सांगता, आता माणूस कुठे चाललाय तेही तुम्हीच सांगा." म्हणून उभी आहे. आधीच सांगते, हार एकच आणला आहे, कारण साहेबांना गळा एकच आहे. शाल मात्र चांगली घेतली. जबलपूरला लेकीकडे थंडी इथल्यापेक्षा जास्त असते म्हणतात.

पागेसाहेब नगर निगमातून निवृत्त झाले. निगमातल्या माणसाचा सत्कार मंडळाने का करावा, असं दोघा-तिघांनी मला विचारलं. त्यातून ज्या साहेबांनी आपल्याच हॉलला कुलूप लावलं होतं त्यांचा! प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर द्यायचं तर दोन-अडीच वर्षं मागे जावं लागेल.

आपल्याकडे शनिवारी संध्याकाळी मुलं जमायची. निहारिका गिटार वाजवायची, राजस त्याच्या मामाने आणलेला कॅसिओ वाजवायचा, आणखी चारजण ढोलकीपासून त्या उभ्या ड्रमपर्यंत जे हाताला लागेल ते बडवायचे. ऐकायला शाळा-कॉलेजातली पोरं. घरोघरी केबल आली होती, त्यात दिसे ते यांना स्वतःच्या हाताने करून पाहायचं होतं. मला ते गाणं तेव्हा कळत नव्हतं आणि खरं सांगू? आजही अर्धंच कळतं. पण मुलं कुठे आहेत हे कळत होतं. आईला त्याहून जास्त काय हवं असतं?

मग देवास गेटच्या बाजूला एका तळघरात असाच मुलांचा कार्यक्रम झाला. जिना एक, माणसं जिन्याला पेलणार नाहीत इतकी. एक वायर जळाली, अंधार झाला आणि सगळी मुलं त्या एका जिन्याकडे धावली. देवाची कृपा, जीव कुणाचा गेला नाही. पण एका मुलीचा हात असा मोडला की अजून तिला वेणी घालता येत नाही.

त्यानंतर निगमाचा आदेश निघाला. अठरा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी वाद्यांचा कार्यक्रम करायचा तर हॉलला वेगळी परवानगी. दोन दारं उघडी. वायरिंग तपासलेलं. नऊच्या आत सगळं आटोपलेलं. आणि दर दहा मुलांमागे घरचं किंवा घरच्यांनी नेमलेलं एक मोठं माणूस, शेवटपर्यंत हॉलमध्ये बसलेलं, कोणत्या मुलाबरोबर आलं ते नावासमोर लिहिलेलं. तोवर कुलूप. ते कुलूप लावायला पागेसाहेब स्वतः आले होते. निहारिका पायरीवर गिटार मांडीवर घेऊन बसली होती. साहेबांनी तिला उठवलं नाही. ती उठेपर्यंत उभे राहिले आणि मग कुलूप लावलं.

आता अध्यक्षमहाराज, रागावू नका, पण हे सांगावंच लागेल. भय्यासाहेब म्हणाले, "एवढं काय त्यात! अर्जीत 'भजन संध्या' लिहून टाकू. भजनाला कोण अडवतंय उज्जैनमध्ये?" सगळ्यांनी माना डोलावल्या. शहरात तेव्हा चार ठिकाणी तेच चाललं होतं.

मी रोज सकाळी देवाचं करून मगच चहा घेणारी बाई. मला ते सोसवेना. मी म्हटलं, "भय्यासाहेब, खोट्या अर्जीवर देवाची सही कशाला घेता?"

ते म्हणाले, "काकू, देव काही ना म्हणणार नाही."

"म्हणणार नाही म्हणूनच तर घेऊ नये."

निहारिका मागे उभी होती. ती म्हणाली, "आणि आम्ही भजन म्हणतच नाही, काका. उद्या कोणी म्हणायला सांगितलं तर?"

तरी दोघं-तिघं निगमात जाऊन आले. मीही गेले, म्हटलं पाहू तरी. पागेसाहेबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "लिहा भजन. मला मंजूर करावंच लागेल. मग शनिवारी मी येऊन पुढच्या रांगेत बसेन आणि नऊपर्यंत भजनच ऐकेन." भय्यासाहेबांनी अर्जी घडी घालून खिशात ठेवली. हसता काय, खरंच ठेवली होती!

दारं झाली. वायरिंग झालं. अडलं ते मोठ्या माणसांपाशी. बाप म्हणत, दिवसभर बँकेत, रेल्वेत मान मोडून आल्यावर हे धडधड कोण ऐकणार? एक गृहस्थ तर म्हणाले, "गिटारवाल्या मुलीचा बाप म्हणून मी तिथे बसू? चार लोकांत तोंड कुठे दाखवू?" नाव घेत नाही. आणि मुलांचं पाहावं तर ती म्हणत, "पप्पा समोर बसले तर आवाजच निघणार नाही." दोन्हीकडून नकार. नियम काही चुकीचा नव्हता, पण त्यात बसायला माणूस नव्हता.

तेव्हा चातुर्मास चालू होता. आम्ही बायका शनिवारी संध्याकाळी विजयाताईंच्या ओसरीवर त्रिपुरी पौर्णिमेच्या वाती वळायला बसायचो. बोटाला चिमूटभर राख लावायची, कापूस ओढायचा, वळायची, ठेवायची. हात गुंतलेले, कान मोकळे. मी म्हटलं, "विजयाताई, ओसरीवर वळतो त्या हॉलमध्ये वळल्या तर देवाला चालणार नाही का?"

त्या म्हणाल्या, "देवाला चालेल गं. माझ्या डोक्याला चालेल का ते बघ."

पण आल्या. आम्ही सगळ्याच आलो, कापसाच्या पिशव्या घेऊन. घरच्यांनी चिठ्ठ्या दिल्या, मुलांनी आम्हाला वाटून घेतलं. कुणाची मी, कुणाच्या विजयाताई. निहारिकेच्या घरून चिठ्ठीसुद्धा आईने दिली, वडिलांनी नाही. पागेसाहेब दर शनिवारी येत, दारं पाहत, माणसं मोजत आणि जात. एक गाणंही थांबून ऐकत नसत. मुलं त्यांना मागून काय म्हणत ते मी इथे सांगणार नाही.

खंडेनवमीला गंमत झाली. घरातल्या शस्त्रांची, अवजारांची पूजा करतो तशी विजयाताईंनी मुलांच्या वाद्यांची पूजा केली. गिटारला फूल, ड्रमला फूल आणि कॅसिओला भक्तिभावाने ओलं हळदीकुंकू, अगदी मधोमध. शनिवारी राजस वाजवायला बसला तर एक पट्टी खाली गेलेली वरच येईना. विजयाताईंना रडू यायचं बाकी राहिलं. मग आमच्याच वाती, घट्ट वळलेल्या, त्या फटीत घालून घालून आम्ही कुंकू काढलं. कॅसिओ बोलायला लागला तेव्हा टाळ्या पोरांनी वाजवल्या, आम्हाला उद्देशून! त्या दिवसापासून मुलं आम्हाला 'ऑडियन्स' म्हणायला लागली. आधी 'चेकिंग' म्हणत.

पण पौर्णिमा झाली. वाती झाल्या, जळल्याही. तुळशीचं लग्न लागलं तसे घरोघरी मांडव पडले, आणि पुढच्या शनिवारी हॉलमध्ये मुलं भरलेली आणि मोठ्या माणसांत मी आणि विजयाताई, एवढ्याच. पागेसाहेबांनी मोजलं. पुन्हा मोजलं. म्हणाले, "काकू, कमी पडताहेत."

भय्यासाहेब म्हणाले, "अहो साहेब, दोन आहेत, चार लिहा. कोण बघतंय?"

साहेब शांतपणे म्हणाले, "देवास गेटला जिना एकच होता, भय्यासाहेब. कागदावर दोन होते."

कार्यक्रम बंद झाला. निहारिकेने गिटार पेटीत ठेवली आणि जाता जाता साहेबांसमोर थांबून म्हणाली, "काका, तुम्हाला गाणं आवडतच नाही ना?"

साहेब म्हणाले, "मला कुणी विचारलंय कधी?"

खरंच कोणी विचारलं नव्हतं. इतके शनिवार हा माणूस दारापर्यंत येत होता, आणि आपल्यातल्या कुणी त्याला बसा म्हटलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी तपासणीला साहेब आले नाहीत. त्यांच्या हाताखालचे तिवारीबाबू रजिस्टर घेऊन आले. त्यांच्या मागोमाग साधा बुशशर्ट घालून पागेसाहेब आले, सोबत जयूवहिनी. तिवारीबाबू गडबडून उभे राहिले. साहेब म्हणाले, "तिवारीजी, बैठिए मत, गिनिए. आज मैं ड्यूटी पर नहीं हूँ." तपासणारा आणि तपासला जाणारा एकच माणूस नको, म्हणून त्यांनी स्वतःची ड्यूटी दुसऱ्याला दिली होती.

तिवारीबाबूंनी मोजलं. मग भीत भीत विचारलं, "सर, आपका नाम किस बच्चे के सामने लिखूँ?"

साहेबांनी मुलांकडे पाहिलं. पहिल्यांदाच मला ते विचारायला घाबरलेले दिसले.

निहारिका म्हणाली, "मेरे."

त्यानंतर दोन वर्षं साहेब त्या खुर्चीवर बसले. पावसात बसले, पाठ धरली तरी बसले. नुसतं बसवत नाही म्हणून माझ्याकडे कापूस मागितला. त्यांनी वळलेल्या वाती मी ठेवल्या आहेत. एकजात तिरक्या. एवढ्या मोठ्या हुद्द्यावर होते, पण सरळ वात काही शेवटपर्यंत जमली नाही. पेटतात मात्र छान. आणि हो, गाणं त्यांना आवडतं. विचारलं आम्ही, उशिरा का होईना.

मंडळी, आता हे सगळं मी आजच का सांगतेय?

साहेब परवा जबलपूरला निघताहेत. निहारिकेच्या नावासमोरची जागा रिकामी होते आहे. आणि निगमाच्या पुढच्या बैठकीत असा प्रस्ताव येतोय की अठरा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी असे कार्यक्रम बंदच करावेत. परवानगी नको, अटी नकोत, काही नको. दिलीपजी, आप मराठी समझते हैं, मुझे मालूम है, फिर भी हिंदी में कहती हूँ कि कोई कसर न रहे. आपने परसों पूछा था, "काकी, पर हर हफ्ते बैठेगा कौन?" आपका सवाल सही है. मैं उसका जवाब भाषण से नहीं दे सकती.

हा प्रश्न खरं तर आपल्या सगळ्यांना आहे. बंद करणं सोपं असतं. एकदा कुलूप लावलं की दर शनिवारी कुणाला यावं लागत नाही. पण मुलांचं गाणं त्यामुळे थांबतं का? ती दुसरं एखादं तळघर शोधतात, एका जिन्याचं, जिथे मोजायला कुणी येत नाही. आपण जुनी माणसं म्हणतो, मुलांवर नजर हवी. अहो, नजर ठेवायची तर त्यांच्यासमोर जाऊन बसावं लागतं. नियम तेवढंच मागत होता. साहेबांनी आधी तो नियम लावला, आणि कुणी पाळेना तेव्हा स्वतः पाळला. या सत्काराचं कारण विचारणाऱ्यांना माझं हे उत्तर.

माझं भाषण झालं की ही मुलं वाजवणार आहेत. पत्रिकेत लिहिलेलं आहे, 'वाद्यवृंद'. भजन लिहिलेलं नाही. आपली पद्धत मला ठाऊक आहे. भाषणं संपली की अर्धा हॉल पानं मांडली का ते पाहायला उठतो, उरलेला अर्धा चपला शोधायला. आज तसं करू नका. हेही मुलांचं गाणं आहे आणि आदेश अजून लागू आहे. तुम्ही उठलात, माणसं कमी पडली, तर तिवारीबाबू दारात उभे आहेत, आणि ते साहेबांच्या हाताखाली तयार झालेले आहेत. साहेबांच्या निरोपालाच कार्यक्रम बंद करायची पाळी त्यांच्यावर आणू नका. आचाऱ्याला मी सांगून ठेवलं आहे, शेवटचं गाणं झाल्याशिवाय पुरी तळायची नाही. गरम पुरी हवी असेल तर बसा.

विजयाताई कापूस घेऊन रांगांमधून फिरताहेत. पुरुषांनीही घ्या, लाजू नका. दिलीपजी, आपके लिए राख अलग रखी है.

रजिस्टरही फिरेल. प्रत्येकाने एकेका मुलासमोर आपलं नाव घालावं. पागेसाहेब, आजच्या पानावर तुमचं नाव मी घालू देणार नाही. आज तुम्ही पाहुणे. तुम्ही नुसतं ऐकायचं. म्हणून निहारिकेसमोरची ओळ कोरी आहे. आणखी काही महिन्यांनी ती अठराची होईल, मग तिला कुणी बसायला लागणार नाही. तोवर लागेल. तिथे कुणी नाव घालावं हे मी सांगणार नाही. ज्यांनी घालायचं ते आज हॉलमध्ये आले आहेत, शेवटच्या रांगेत बसले आहेत, एवढं मी इथून पाहते आहे. रजिस्टर तिकडूनच सुरू करा, तिवारीबाबू.

पागेसाहेब, जयूवहिनी, तुम्ही आमच्यात बसलात, त्याचे आभार कसे मानावे मला कळत नाही. पुढल्या त्रिपुरी पौर्णिमेला तुमच्या तिरक्या वाती महाकाळेश्वराच्या नावाने मी लावीन. भय्यासाहेबांनी आपली थट्टा हसून घेतली, त्यांचे आभार. दिलीपजी आले आणि अजून बसले आहेत, त्यांचे आभार. मुलांचे आभार आधीच मानून ठेवते, नंतर कानात दडे बसलेले असतील.

बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, कुणाला काही लागलं असेल, तर माझीही वात थोडी तिरकी वळली असं समजा आणि सांभाळून घ्या.

निहारिका, ये बेटा. दोन्ही दारं उघडी आहेत. सुरू कर.