सलोमीआक्काचा चहा

या मंडळी, कीर्तन सुरू होतंय, पुढं सरका! मागच्या बाया, गप्पा जरा आवरा — मलाही बोलू द्या की! तर एक विचारतो. आजाऱ्याला भेटायला गेलं, की काय करायचं? 'प्रार्थना!' वा! उत्तर तोंडपाठ! आणि प्रार्थनेनंतर? — तेच सांगतो, ऐका.

टाकेवाडीत एक सलोमीआक्का होती. विधवा, घरात एकटी. लेक दिलेली नाशकाला. आक्का विहिरीवर घसरली, उजवा हात मोडला. कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर! आता सांगा, एका हातानं भाकरी थापता येते? वेणी घालता येते? लेकीचा निरोप आला — "आई, घराला कुलूप लाव. रविवारी न्यायला येते." आक्काचा जीव कासावीस झाला! त्या घरात तिचा संसार झाला, गावच्या ख्रिस्ती देवळात तिच्या लेकराचा बाप्तिस्मा झाला. पण करते काय?

बातमी कळताच निघाला प्रार्थनेचा जथा! म्होरके शांतवन गुरुजी. गुरुजींची प्रार्थना म्हणजे काय सांगू — आधी देशासाठी, मग जिल्ह्यासाठी, मग पाऊसपाण्यासाठी. आजाऱ्याची पाळी येईपर्यंत आजारी बरा व्हायचा! — पेटीवाले, हसू नका, तुमचाही सूर लांबतो!

बसले सगळे आक्काच्या ओसरीवर. डोळे मिटले. देश, जिल्हा, पाऊसपाणी आटोपून गुरुजी आक्कापाशी आले — "हे दयाळू बापा, आमच्या या भगिनीला घर सोडायला लावू नकोस! तिला आधार पाठव! कुणाला तरी पाठव, प्रभो!"

तेवढ्यात आतून भांडं पडल्याचा आवाज! गुरुजींनी डोळा किलकिला केला. — हो, हो, प्रार्थनेत! तुम्ही नाही करत?

काय दिसलं? आक्का चुलीपुढं बसलेली. मोडका हात पोटाशी, पातेलं लवंडलेलं, केसांच्या जटा झालेल्या. आणि ती एका हातानं चहा मांडतेय. कुणासाठी? तिच्यासाठी प्रार्थना करणाऱ्यांसाठी! अहो, भेटायला गेले आजाऱ्याला, आणि कामाला लावलं आजाऱ्यालाच!

गुरुजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. 'कुणाला तरी पाठव' म्हणत होते — आणि पाठवलेली माणसं ओसरीवर मांडी घालून बसलेली! वाक्य अर्धं टाकून ते उठले, बाह्या सारल्या.

"आक्का, सरका. पीठ कुठंय?"

"अगंबाई! गुरुजी, तुम्ही आन् भाकरी?"

"शिकवा. जन्मभर शिकवतच आलो, आज शिकतो!"

पहिली भाकरी झाली — गोल म्हणावी तर नाही, चौकोनी म्हणावी तर तीही नाही! गुरुजींच्या मंडळी रत्नमालाबाई फणी घेऊन आक्काच्या मागं बसल्या. कुणी पाणी भरलं, कुणी शेळीला चारा टाकला. आक्काच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि तोंडावर हसू!

"गुरुजी, प्रार्थना अर्धीच राहिली की!"

"राहू द्या. देवानं ऐकलीय. तुम्ही भाकरी बघा, करपतीय!"

त्या दिवसापासून आक्काच्या चुलीपुढं रोज एका घरची पाळी. रविवारी लेक आली. घराला कुलूप नाही, आत आई नाही! घाबरून धावली देवळाकडं — तर आई पहिल्या रांगेत, नीटनेटकी वेणी घालून, मोठ्यानं गीत गात बसलेली! लेक आली तशी परत गेली. एकटी, पण निर्धास्त.

आता मंडळी, आशीर्वादासाठी माना खाली घातल्यात. मी पाहतोय. पण थांबा! इकडंतिकडं बघा. आज या सभेला कोण आलं नाही? आणि का नाही आलं? मी परगावचा, मला ठाऊक नाही. तुम्हाला घर ठाऊक आहे, दार ठाऊक आहे. कुणाचं नाव मनात आलं? — आलं ना? मग उठा! टाळ मी आवरतो. तुम्ही त्या घरी जा, आणि चहा तुम्ही करा!