माझ्याच दुकानातला वाडगा

सन्माननीय अध्यक्ष डॉक्टर पद्माकर, व्यासपीठावरच्या आपल्या सचिव सुलक्षणाताई, शनिवारची दुपार माझ्या सत्कारासाठी खर्ची घालणारे बेसिंगस्टोकचे सर्व मराठीजन, आणि मागच्या रांगेत फोनमध्ये डोकं घालून बसलेली आमची मुलंबाळं, सर्वांना नमस्कार.

अध्यक्ष मघाशी म्हणाले, "देविकाताईंनी मार्केटिंग सोडून स्वतःला जपानी कलेला वाहून घेतलं." ऐकायला फार छान वाटलं हो. पण खरं सांगू? मी दमले आहे. कन्सल्टंट म्हणून वर्षानुवर्षं लोकांची बिस्किटं आणि इन्शुरन्स विकून दिले. माल खपवायच्या त्या बोलण्याचा वीट आला, म्हणून हायस्ट्रीटच्या मागे दुकान मांडलं. जपानी वाडगे, लाखेचे डबे, निळीत रंगवलेलं कापड. वाटलं, वस्तूच इतक्या सुंदर, आता आपल्याला बोलावं लागणार नाही. छे! गिऱ्हाईक आत आलं की माझी टकळी सुरू. झिलई कशी ओघळलीय, भट्टीतली राख कुठे बसलीय... घरी यजमानांनी भाजी कसली म्हणून विचारलं, तरी मी भाजी विकायला लागायचे. हसू नका, त्यांना विचारा.

शेवटी दुकान आवरायला काढलं, तेव्हा चहाचा एक राखाडी वाडगा तेवढा उरला. काही केल्या जाईना. ठरवलं होतं, तो गेला की कुलूप. मागच्या मंगळवारी एक गृहस्थ आले. मी अर्धा तास बोलले, त्यांनी घेतला. दुकान बंद केलं, गाडीत बसले आणि रडले. सुटले एकदाची, म्हणून.

आणि आत्ता सुलक्षणाताईंनी "तुझ्या आवडीचंच आणलंय गं!" म्हणत भेट हातात ठेवली. कागद काढून बघते तर तोच वाडगा! ते गृहस्थ म्हणजे ताईंचे जावई, अंबरीश. अहो अंबरीश, घ्यायचंच ठरवून आला होतात, तर मला मध्येच थांबवायचं नाही का?

ताई, चेहरा पाडू नका. माणूस जे विकतो ते त्याच्याकडे भरपूर असणार, असं कुणालाही वाटेल. पण दुकानातली एकही वस्तू मी कधी घरी नेली नाही. वापरला की माल जुना होतो ना! यातून चहा किती सुंदर लागतो, हे मी शेकडो लोकांना छातीठोकपणे सांगितलं. स्वतः एक घोटही कधी घेतला नाही.

मघापासून हा हातात आहे. सवयीने वाक्य जुळवायला गेले. पण विकू कुणाला? दुकानच नाही. मग नुसता धरून बसले. जरा खरखरीत आहे, आणि जड आहे. बरं वाटलं.

मंडळाचे, अध्यक्षांचे, आणि आत किचनमध्ये सकाळपासून राबणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार. थकलेल्या माणसाच्या तोंडून काही अधिकउणं गेलं असेल तर पोटात घाला. आणि ताई, चहा झाला असेल तर माझा यातच ओता. कसा लागला ते मात्र कुणी विचारू नका. मी सांगणार नाही.